बंधुसभेतील मौन : एका चाचेपटातील कथानकदोषांविषयी

कथानक ‘गुंतागुंतीचे’ आहे असे म्हटले की ती प्रशंसा ठरते आणि ‘गोंधळाचे’ आहे असे म्हटले की निंदा. परंतु या दोहोंमधील सीमारेषा नेमकी कोठे पडते याचा विचार आपल्या समीक्षेत क्वचितच होतो. लोकप्रिय चित्रपटाच्या बाबतीत तर तो करण्याची गरजही कोणाला भासत नाही. रायपूर येथे निवेदनशास्त्रावरील एका अभ्यासवर्गात हा प्रश्न काहीशा अनपेक्षित रीतीने पुढे आला. वर्गात ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या मालिकेतील तिसरा चित्रपट, ‘ॲट वर्ल्ड्स एंड’ (२००७), हिंदी ध्वनिरूपांतरात दाखवला होता आणि विद्यार्थ्यांनी न उलगडलेल्या गोष्टींची टिपणे लिहावयाची होती. बहुतेक टिपणे अपेक्षेप्रमाणेच निघाली : पेटीत ठेवलेल्या हृदयाचा नियम काय, कोण कोणाच्या बाजूचा, समुद्रदेवता मुक्त होऊन करते तरी काय. दुर्गकडच्या एका विद्यार्थिनीने मात्र एकच ओळ लिहिली होती : चाच्यांच्या सभेत बसलेला तो श्री संभाजी कोण, आणि तो स्वतः बोलत का नाही?

तेव्हा मी तो प्रश्न विषयांतर म्हणून बाजूला ठेवला. या चित्रपटाचा सर्वांत मोठा कथानकदोष त्या एका ओळीत सापडला होता, हे पुष्कळ उशिरा लक्षात आले.

चित्रपट न पाहिलेल्या वाचकासाठी थोडे कथासूत्र सांगणे भाग आहे. गोर व्हर्बिन्स्की यांनी दिग्दर्शित केलेले आणि टेड एलियट व टेरी रोसिओ यांनी लिहिलेले दुसरा व तिसरा हे भाग म्हणजे वस्तुतः एकच दीर्घ कथा आहे. दुसऱ्या भागात (‘डेड मॅन्स चेस्ट’, २००६) डेव्ही जोन्स हा शापित कप्तान आपले हृदय पेटीत दडवून ‘फ्लाइंग डचमन’ हे भुतांचे जहाज चालवतो. ते हृदय ज्याच्या हाती, त्याच्या हाती जोन्स. अखेरीस ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लॉर्ड बेकेटच्या हाती पडते आणि नायक जॅक स्पॅरो सागरी राक्षसाच्या पोटात जातो. तिसऱ्या भागात त्याला मृत्युलोकातून परत आणणे, कंपनीविरुद्ध नऊ चाचेसरदारांची ‘बंधुसभा’ भरवणे, मानवी देहात बद्ध असलेल्या कॅलिप्सो या समुद्रदेवतेला सोडवणे आणि शेवटी भोवऱ्याच्या कडेवर युद्ध करणे, असा क्रम आहे. जोन्सचा वध होतो. विल टर्नर हा तरुण त्याच्या जागी कप्तान होतो आणि दहा वर्षांतून एकच दिवस किनाऱ्यावर येण्याचे प्राक्तन त्याला स्वीकारावे लागते.

कथानकाच्या बोधाविषयी ॲरिस्टॉटलकडे वळण्याची आपली सवय आहे. येथे मला आपल्याकडील शाब्दबोधाची चर्चा अधिक उपयोगाची वाटते. वाक्याचा अर्थ लागण्यास आकांक्षा, योग्यता आणि आसत्ती ही अंगे आवश्यक मानली गेली आहेत. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वाक्याची व्याख्याच त्यांच्या आधारे केली आहे. एका पदाने दुसऱ्याची अपेक्षा निर्माण करणे ही आकांक्षा, त्यांचे अर्थ परस्परांशी विसंगत नसणे ही योग्यता आणि ती पुरेशी जवळ उच्चारली जाणे ही आसत्ती. प्रसंगाला पद मानले तर हीच कसोटी कथानकाला लावता येते. असा विस्तार शास्त्रकारांना मान्य झाला असता की नाही, हा प्रश्न तूर्त सोडून देऊ.

या चित्रपटातील बहुसंख्य कोडी आसत्तीच्या अभावाची आहेत. नियम सांगितलेला असतो, पण एकदाच, गलबल्यात, आणि त्याची गरज पडण्याच्या फार आधी. कप्तानाला दहा वर्षांतून एकदाच भूमीवर पाय ठेवता येतो, हे दुसऱ्या भागात येऊन गेलेले आहे. त्याचा परिणाम तिसऱ्याच्या अखेरीस. बार्बोसाला देवता का सोडवायची आहे, विलला जहाज का हवे आहे, एलिझाबेथ जॅकविषयी अपराधी का आहे, जॅकला परत आणणे नऊजणांच्या सभेसाठी का आवश्यक आहे, या प्रत्येकाचे उत्तर एखाद्या वाक्यात आहे. ते वाक्य निसटले की पुढचा पाऊण तास अंधार. चित्रपटगृहात मागे वळून पाहता येत नाही. कादंबरीच्या वाचकाला ती सोय असते.

परंतु आसत्ती केवळ संहितेतच असावी लागते असे नाही. ती परंपरेतूनही पुरवली जाते. छत्तीसगढात याचे उत्तम उदाहरण डोळ्यांसमोर आहे. पंडवानीच्या कापालिक शाखेत, म्हणजे तीजनबाईंनी जगभर नेलेल्या शैलीत, गायिका हातातील तंबुऱ्याची गदा करते आणि महाभारतातील कोणत्याही प्रसंगापासून आरंभ करते. आधीचे-नंतरचे काही सांगत नाही. श्रोता गोंधळत नाही, कारण द्रौपदीच्या मोकळ्या केसांचा आणि दुःशासनाच्या रक्ताचा संबंध तो घरूनच घेऊन आलेला असतो. सबलसिंह चौहानांच्या पोथीला धरून चालणाऱ्या वेदमती शाखेपेक्षा कापालिक शाखा श्रोत्याच्या या पूर्वज्ञानावर अधिक भार टाकते, असे मला वाटते.

आपला चित्रपटही असा भार टाकतो. फक्त तो इंग्रज खलाशांच्या दंतकथांवर टाकतो. ‘डेव्ही जोन्सची पेटी’ हा समुद्रतळाला उद्देशून वापरला जाणारा खलाशी वाक्प्रचार आहे. तेथे गेला म्हणजे बुडून मेला. चित्रपटाने तो शब्दशः घेतला आणि त्याचा एक प्रदेशच उभा केला. ज्याला वाक्प्रचार ठाऊक आहे त्याला यात विनोद दिसतो, ज्याला नाही त्याला पांढरे वाळवंट. तीच गत नाण्यांची. नऊ सरदारांकडे नऊ ‘पीसेस ऑफ एट’ आहेत, म्हणजे आठ रियाल मोलाची स्पॅनिश नाणी. पण ती नाणी नाहीतच. पहिल्या सभेत सर्वांचे खिसे रिकामे होते म्हणून ज्याच्या हाती जे लागले ते त्याने ठेवले आणि नाव मात्र नाण्याचे राहिले. ‘नऊ जणांचे आठाचे तुकडे’ हा श्लेष कोणत्याही भारतीय भाषेत उतरणे कठीण, आणि तो न उतरल्यामुळे प्रेक्षक बिचारा बेरजा करीत बसतो.

दहा वर्षांच्या शापाची गोष्ट याहून लक्षणीय आहे. श्रेयनामावलीनंतरच्या छोट्या दृश्यात दहा वर्षांनी विल परततो आणि किनाऱ्यावर पत्नी व मुलगा वाट पाहत असतात. तो कायमचा आला की एका दिवसासाठी? पत्नी एकनिष्ठ राहिल्यास कप्तान शापमुक्त होतो, असा खुलासा पटकथाकारांनी नंतर बाहेर केला. चित्रपटात हा नियम कोणी स्पष्टपणे उच्चारत नाही. तरीही युरोपातील अनेक प्रेक्षकांनी तो आपोआप गृहीत धरला असणे शक्य आहे, कारण वाग्नरच्या १८४३ मधील संगीतिकेतील डच कप्तानही सात वर्षांतून एकदा किनाऱ्याला लागतो आणि एकनिष्ठ स्त्रीमुळेच त्याची सुटका होते. संहितेने न सांगितलेले परंपरेने सांगितले. २०१७ च्या पाचव्या भागात मात्र विल अद्याप शापबद्धच दाखवला आहे आणि त्याचा मुलगा भलत्याच उपायाने त्याला सोडवतो. येथे आसत्ती नव्हे, योग्यताच ढळली. एकदा लागलेला अर्थ मागाहून खोटा पाडण्याचा अधिकार मालिकेला असतो का? माझ्या मते नसतो. पण तो स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.

योग्यतेविषयी आणखी एक तक्रार नेहमी केली जाते : कॅलिप्सो मुक्त होताच कोणाचीही बाजू न घेता खेकड्यांच्या राशीत विरघळते आणि फक्त वादळ व भोवरा मागे ठेवते. मला हा दोष वाटत नाही. समुद्राने पक्ष घ्यावा ही अपेक्षाच चाच्यांची भाबडी समजूत होती. दोष आहे तो त्यानंतर. दोन प्रचंड आरमारे समोरासमोर आणून उभी केली जातात आणि त्यांपैकी एकही लढत नाही. कंपनीचे मुख्य जहाज दोन जहाजांच्या कचाट्यात सापडून फुटते, बेकेट भ्रमिष्टासारखा जिना उतरत राहतो आणि उरलेला ताफा पाठ फिरवतो. इतक्या बलाढ्य कंपनीचा कणा एवढ्याने का मोडावा, याचे उत्तर चित्रपटात नाही. ते असू शकत नाही, कारण कंपनी कशासाठी लढते आहे आणि चाचे कशासाठी, हे त्याने कधी सांगितलेलेच नाही. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द पुनःपुन्हा येतो. पण तो शब्द आहे, कारण नव्हे.

येथे त्या विद्यार्थिनीच्या ओळीकडे परत यावे लागते.

बंधुसभेत हिंदी महासागराचा सरदार म्हणून जो बसला आहे त्याला चित्रपटात ‘श्री संभाजी’ म्हणतात. चित्रपटाच्या पूरक साहित्यात पुढे ‘आंग्रिया’ हे आडनावही जोडलेले आहे. ‘सुंभाजी’ आणि ‘आंग्रिया’ ही इंग्रजी वर्तनीची वळणे जुन्या कंपनी दप्तरांची आहेत, तेव्हा नाव कोठून आले याविषयी शंका नको. मार्शल मनेश या इराणी-अमेरिकन नटाने ही भूमिका केली आहे. संभाजी स्वतः बोलत नाही. दोन सेवक त्याच्या वतीने बोलतात. त्यांपैकी एक चाच्यांच्या संहितेची अवहेलना करतो आणि तत्क्षणी गोळी खाऊन पडतो. शेवटी संभाजीच्या तोंडून युद्धाला संमती देणारे एक वाक्य निघते, तेही हसू यावे अशा चिरक्या आवाजात. एवढेच त्याचे काम.

आता इतिहास पाहू. कान्होजी आंग्रे यांच्या मृत्यूनंतर (१७२९) सरखेलपद थोरल्या सेखोजींकडे आणि १७३३ मध्ये त्यांच्या निधनानंतर संभाजींकडे आले. हे पद छत्रपतींचे होते. आज्ञापत्राने आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे, आणि सरखेल त्या अंगाचा प्रमुख. कोकणच्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाने आंग्र्यांचे दस्तक घ्यावे, न घेतल्यास ते जप्तीस पात्र ठरावे, ही व्यवस्था त्यांनी शोधून काढलेली नव्हती. पोर्तुगीज आपल्या ‘कार्ताझ’द्वारे दोन शतके हेच करीत होते. कंपनीशी तंटा होता तो एका अगदी व्यावहारिक मुद्द्यावर. कंपनीच्या स्वतःच्या मालकीचा माल वेगळा आणि कंपनीच्या निशाणाआड जाणारा इतर व्यापाऱ्यांचा माल वेगळा, असे आंग्र्यांचे म्हणणे होते. कंपनीला हा भेद मान्य नव्हता. भेद मान्य केला असता तर समुद्रावर आंग्र्यांची सत्ता आहे हेही मान्य करावे लागले असते. म्हणून ‘चाचा’ हा शब्द सोयीचा होता. तो किती सोयीचा होता हे १७२१ मध्ये दिसते : मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त करण्यासाठी इंग्लंडच्या राजाने कमोडोर मॅथ्यूज यांच्याबरोबर पाठवलेली लढाऊ जहाजे पोर्तुगीजांच्या जोडीने कुलाब्यावर नेण्यात आली, आणि ती मोहीम फसली. क्लेमेंट डाउनिंगने १७३७ च्या आपल्या पुस्तकाच्या शीर्षकातच आंग्र्यांना चाचा म्हटले. १९०७ मध्ये बिडल्फ यांनी ‘मलबारचे चाचे’ या अर्थाचे शीर्षक देऊन तेच चालवले. मनोहर माळगांवकरांनी इंग्रजीत कान्होजींचे चरित्र लिहिले आणि पु. ल. देशपांडे यांनी ते मराठीत आणले, हे त्याला दिलेले उत्तर मानता येईल.

गंमत अशी की चित्रपटालाही हा कागदाचा प्रश्न ठाऊक आहे. दुसऱ्या भागातील अर्धी धावपळ राजाच्या सहीच्या परवान्यासाठी आहे. तो कागद खिशात असला की चाचा अधिकृत होतो, नसला की फासावर जातो. तिसऱ्या भागाचा आरंभही नागरी हक्क स्थगित करणाऱ्या जाहीरनाम्याच्या वाचनाने आणि सामूहिक फाशीने होतो. कायदा कोणाचा आणि कागद देण्याचा अधिकार कोणाचा, ही आकांक्षा चित्रपटाने स्वतःच निर्माण केली आहे. शिवाय त्याचा खलनायक ईस्ट इंडिया कंपनी आहे. १६०० च्या सनदेने या कंपनीला दिलेला मक्ता केप ऑफ गुड होपच्या पूर्वेकडचा होता. कॅरिबियन बंदरात तिची कचेरी थाटणे म्हणजे हिंदी महासागराचा संघर्ष उचलून अटलांटिकमध्ये नेऊन ठेवणे होय. कल्पनारम्य कथेला एवढे स्वातंत्र्य द्यायला हरकत नाही. पण संघर्ष तिकडे नेला आणि त्यामागचे कारण ज्याला सांगता आले असते अशा एकाच माणसाला सभेत आणून बसवले. कंपनीला तोंडावर ‘दस्तक दाखवा’ असे म्हणणाऱ्या घराण्यातला माणूस तेथे आहे आणि त्याला वाचा नाही. ‘स्वातंत्र्य’ या पोकळ शब्दाला जो आशय देऊ शकला असता, त्याच्याकडून चित्रपटाने विनोदाचे काम घेतले. हा ऐतिहासिक प्रमाद म्हणून सोडून देता येत नाही. हा आकांक्षेचा भंग आहे, आणि अखेरचे युद्ध निरर्थक वाटते ते मुख्यतः यामुळे.

चाच्यांच्या सततच्या फितुरीविषयीही हेच म्हणता येईल. जॅक, विल, बार्बोसा, साओ फेंग, सगळेच दर दृश्यात पक्ष बदलतात आणि प्रेक्षक थकतो. प्रत्यक्ष संभाजींचे चरित्र याहून कमी गुंतागुंतीचे नाही. धाकट्या मानाजींशी त्यांचे वैर जडले. मानाजींनी पोर्तुगीजांच्या साहाय्याने कुलाबा घेतला. १७३५ मध्ये बाजीरावांनी वाटणी करून संभाजींना सरखेल ठेवले आणि मानाजींना ‘वजारत-माआब’ हा किताब देऊन कुलाबा दिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संभाजींनी इंग्लंडहून मुंबईकडे येणारे कंपनीचे ‘डर्बी’ जहाज पकडले. १७४० मध्ये ते कुलाब्यावर चालून गेले तेव्हा मानाजींच्या मदतीस पेशव्यांचे सैन्य आणि मुंबईकर इंग्रज दोघेही आले. पुढे तुळाजींच्या वेळी तर पेशवे आणि कंपनी यांनी करार करून १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि १७५६ मध्ये विजयदुर्ग पाडाव केला. मराठ्यांचे आरमार मराठी सत्तेच्याच संमतीने जळाले. यातही प्रत्येक जण दर दोन वर्षांनी बाजू बदलतो. पण येथे वाचक थकत नाही, अस्वस्थ होतो, कारण प्रत्येक बदलामागे किल्ला, वाटा, जकात किंवा भाऊबंदकी असे काहीतरी हाताला लागते. चित्रपटातील फितुरीमागे पुष्कळदा पुढच्या दृश्याची गरज एवढेच असते.

हे वाचून कोणी अस्मितेचा झेंडा उभारू नये. आंग्रे आणि चाचे यांच्यात अगदी निर्मळ रेषा होती असेही नाही. जेम्स प्लँटेन हा मादागास्करचा नामांकित चाचा पुढे आंग्र्यांच्या चाकरीत आल्याचे डाउनिंगच सांगतो. आणि रायपुरात बसून हा विषय शिकवताना तर अधिकच सांभाळून बोलावे लागते. संभाजी आंग्रे विजयदुर्गावर असतानाच, १७४१ मध्ये, नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत बंगालच्या वाटेवर रतनपुरावर आले आणि हैहयवंशी रघुनाथसिंहांना शरण जावे लागले. पुढे बंगालात याच फौजांचे नाव ‘बर्गी’ म्हणून अंगाईगीतांत भीती घालण्यासाठी शिल्लक राहिले; गंगारामाचे ‘महाराष्ट्रपुराण’ हे १७५१ चे बंगाली काव्य त्या भीतीची नोंद आहे. वर्गात मी आंग्र्यांच्या सनदेविषयी उत्साहाने बोलत असता त्याच विद्यार्थिनीने विचारले की रतनपूरला येणाऱ्यांकडे कोणता कागद होता. प्रश्न रास्त होता. चौथाईचा हक्क ही कागदाची बाजू झाली. ज्याच्या कोठारावर घाला पडला त्याच्या दृष्टीने तो कागद वाचण्याजोगा नव्हता. पण लक्षात घेण्यासारखे हे की गंगारामाच्या काव्यात आक्रमकांना हेतू आहे, क्रम आहे, अगदी देवतांची योजनाही आहे. शत्रूच्या बाजूने लिहिलेल्या त्या काव्यातले मराठे क्रूर आहेत, अनाकलनीय नाहीत. चित्रपटातला संभाजी मित्रपक्षात बसूनही अनाकलनीय आहे.

लंडनमध्ये शूटर्स हिल येथे सेव्हर्नड्रूग नावाचा एक मनोरा आहे. सुवर्णदुर्ग जिंकणाऱ्या विल्यम जेम्स यांच्या स्मरणार्थ त्यांच्या पत्नीने तो १७८४ मध्ये बांधला. किल्ल्याचे नाव इतके बदललेले की उच्चारून पाहिल्याशिवाय मूळ ओळखू येत नाही. मात्र तो कशासाठी उभा आहे हे तेथे लिहिलेले आहे. इकडे मुंबईतील नौदलाच्या तळाला १९५१ पासून ‘आंग्रे’ हे नाव आहे. चित्रपटाच्या लेखकांना यांपैकी एक तरी नाव माहीत असावे, अन्यथा ‘सुंभाजी’ त्यांना सापडलाच नसता. पुढच्या सत्रात मी तोच प्रसंग पुन्हा दाखवला, या वेळी ध्वनी बंद करून. चिरका आवाज नसला की तो माणूस हास्यास्पद दिसत नाही. तो नुसता बसलेला असतो, आजूबाजूच्या आठ जणांकडे पाहत, आणि आपला सेवक पडला तेव्हाही जागचा हलत नाही.